समुद्र वर येतोय: बेट वाचवायचं की सोडायचं?

खारावारा: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर रोडांथी गाव आहे, तिथले व्हिडिओ बघितले का, खांबांवरची घरं लाटेत धप्पकन बसतात आणि मग खिळ्यांच्या फळ्या नि सेप्टिक टँकचे तुकडे मैलोन्मैल किनाऱ्यावर. माझं मत, असल्या बॅरियर आयलंडवर आता एक डॉलरही घालू नये. मुळात ते किनाऱ्याला समांतर असलेले वाळूचे लांबट दांडे, वादळात लाटा समोरची वाळू उचलून मागच्या खाडीत टाकतात, त्यामुळे समुद्र चढला की बेट हळूहळू मागे सरकतं. आपण मधे रस्ते, घरं घालून त्याला अडवलंय.

जुना इंजिनिअर: सरकतं म्हणे! माणसं राहतात राव तिथे. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला, तेही अशाच बेटावरचं शहर, १९०० च्या वादळात हजारो गेले, मग त्यांनी समुद्राच्या बाजूला १७ फुटी भिंत बांधली, घरं जॅकवर उचलून खाली वाळू भरली, शहरच उंच केलं. १९१५ ला परत मोठं वादळ आलं तेव्हा त्या भिंतीनेच वाचवलं. नेदरलँड्सने तर २०११ मध्ये किनाऱ्यावर एकदाच २ कोटी घनमीटरच्या वर वाळू टाकली, पुढे वारा-लाटाच पसरवतात.

खारावारा: पण त्या भिंतीपुढची पुळण गेली की! आपटलेली लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते. आणि नेदरलँड्सच्या वाळूमागे अर्धा देश आहे, इथे मागे काय तर सुट्टीपुरती भाड्याने दिलेली घरं.

मधलीच: भांडा तुम्ही, पण नॉर्थ कॅरोलायनातलंच केप हॅटरासचं दीपगृह बघा. १८७० ला समुद्र १५०० फूट लांब होता, तो पायथ्याशी आला म्हणून १९९९ मध्ये एवढा विटांचा मनोरा अख्खा उचलून रुळांवरून २९०० फूट सरकवला, २३ दिवसांत. मग घरं का नाही हलत? कारण सरकारी पूरविमा घर पडल्यावर पैसे देतो, आधी हलवायला नाही. मालक पडायची वाट बघणारच ना!

जुना इंजिनिअर: हे मात्र खरंय. पण दीपगृहाला शेजारीपाजारी नसतात हो. लुइझियानाच्या दलदलीतल्या, बुडत चाललेल्या आयल द जाँ शार्ल बेटावरच्या आदिवासींना दुसरीकडे हलवायला २०१६ ला ४.८ कोटी डॉलर मंजूर झाले, नव्या घरात पहिली कुटुंबं गेली २०२२ ला. मोजकी कुटुंबं, सहा वर्षं.

खारावारा: म्हणून तर अमेरिकेचा १९८२ चा कायदा मला पटतो. ठरवून दिलेल्या मोकळ्या बेटांवर बांधायचंय तर बांधा, पण केंद्राचा पूरविमा नाही, रस्त्याला पैसे नाहीत.

जुना इंजिनिअर: आणि जे त्याच्या आधीपासून बांधून बसलेत त्यांचं?