मदत हवी आहे: लॅटिन-ग्रीक मुळांवरून इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. धाकट्या बहिणीची दहावी मराठी माध्यमातून झाली, आता बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्सला आहे, सगळं इंग्रजीत. बायोलॉजीचे शब्द घोकून पोर दमून जाते. म्हणून मी तिला मुळं शिकवतेय: ग्रीक ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे जुळणी, ‘हायपर’ जास्त, ‘हायपो’ कमी. लॅटिन ‘डेंट’ आपल्या दंताचं भावंड, हे तिला फार आवडलं. अडतं ‘पेड’पाशी. पेडलमध्ये लॅटिन पाय, पेडियाट्रिक्समध्ये ग्रीक मूल! अशी सारखी दिसणारी मुळं वेगळी कशी ओळखायची? आधी ग्रीक घ्यावीत की लॅटिन? मराठीतून अर्थ दिलेली यादी कुणाकडे असेल तर कृपया द्या, सहामाही जवळ आलीय.