मुलाच्या पत्रावर 'ट्रेनी ओएस' लिहिलंय, म्हणजे तो ऑफिसर होणार का?

मंगळवारपेठ_आई:

नमस्कार. मी कोल्हापूरची, घरी शिवणकाम करते. मिस्टर गोकुळ शिरगावला एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, पीसीएमला 68 टक्के. दोन वर्षांपासून त्याचं एकच चाललंय, मर्चंट नेव्ही. आमच्या माहेर-सासरच्या कुठल्याच घरात बोटीवर कुणी नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

मागच्या आठवड्यात एका एजंटाच्या ऑफिसात जाऊन आलो. ते म्हणाले, सहा महिन्यांचा कोर्स, मग लगेच जहाज, आणि दोन वर्षांत ऑफिसर. सगळे मिळून साडेपाच लाख. त्यातले दोन लाख कोर्सचे आणि बाकीचे प्लेसमेंटचे. जॉइनिंग लेटरचा नमुना दाखवला, त्यावर हुद्द्याच्या जागी 'ट्रेनी ओएस' होतं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, हीच ऑफिसरची पहिली पायरी.

मुलगा जी नावं सांगतो ती मी वहीत लिहून काढली. चीफ मेट, बोसन, एबी, मोटरमन, वायपर, ईटीओ, पंपमन, अजून कितीतरी. कोण कुणाच्या हाताखाली हे काही केल्या लागत नाही. चीफ इंजिनिअर पण चीफ आणि चीफ कुक पण चीफ. कुणी नीट समजावून सांगेल का? सोमवारी पैसे भरायचे आहेत, त्यासाठी पाटल्या मोडायचं चाललंय.

उद्यमनगर_फिटर:

ताई, सोमवारी पैसे भरू नका आणि पाटल्या तर अजिबात मोडू नका. आधी हे वाचा, मग काय ते ठरवा.

मी जहाजावर फिटर आहे, चौदा वर्षं झाली. आयटीआय टर्नर. शिवाजी उद्यमनगरात काकांच्या लेथवर सात वर्षं पंपाचे शाफ्ट आणि ऑइल इंजिनाचे पार्ट काढले, त्यानंतर बोटीवर गेलो. सध्या सुट्टीवर घरीच आहे, त्यामुळं सविस्तर लिहितो.

ओएस म्हणजे ऑर्डिनरी सीमन, डेकवरचा नवा खलाशी. हातोडीनं गंज झाडायचा, रंग लावायचा, दोर ओढायचे, माल उतरला की होल्ड, म्हणजे माल ठेवायचं कोठार, झाडून धुऊन काढायचं. काम मानाचं आहे, त्यावर घरं चालतात. पण ती ऑफिसरची पायरी नव्हे. जहाजावर दोन वेगळे जिने असतात, एक ऑफिसरांचा आणि एक रेटिंगचा, म्हणजे ऑफिसर नसलेल्या खलाशी-कामगारांचा. ओएसचा पुढं एबी, म्हणजे एबल सीमन, अनुभवी खलाशी होतो, एबीचा बोसन. ऑफिसर व्हायला निघालेल्या मुलाच्या पत्रावर 'डेक कॅडेट' असतं. इंजिनाकडं जाणारा असेल तर 'ट्रेनी मरीन इंजिनिअर' किंवा 'ज्युनियर इंजिनिअर'. रेटिंगमधून परीक्षा देऊन ऑफिसर झालेली माणसं मी बघितलीत, पण त्यांची कित्येक वर्षं त्यात गेलीत. दोन वर्षांत कुणीही होत नाही.

आता तुमची वही घ्या. डेक एका बाजूला लिहा, इंजिन दुसऱ्या बाजूला, आणि खाली जेवणखाण. सगळ्यांच्या वर कप्तान, कागदावर 'मास्टर'.

डेकवर कप्तानाच्या खाली चीफ ऑफिसर, त्यालाच चीफ मेट म्हणतात. माल कसा भरायचा, जहाजाचा तोल कसा राखायचा, हे त्याचं. सेकंड मेट नकाशे आणि मार्ग बघतो. थर्ड मेटकडं लाइफबोटी आणि आगीची उपकरणं. मग कॅडेट. त्यांच्या हाताखाली बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि त्याच्याखाली एबी आणि ओएस. तेलाच्या जहाजावर पंपमन असतो, मालाचे पंप आणि व्हॉल्व्ह त्याच्याकडं.

नांगर टाकताना बघितलं की हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. कप्तान वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत. चीफ मेट अगदी पुढच्या टोकाला कठड्यावरून वाकून साखळी कुठल्या बाजूला ताणलीय ते वॉकीटॉकीवर सांगत असतो. बोसनचे दोन्ही हात ब्रेकच्या चाकावर. साखळी सुटली की असा आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि गंजाची लाल धूळ सगळ्यांच्या तोंडावर. चीफ मेट साखळी मोजत असतो. एक शॅकल म्हणजे 27.5 मीटर. तो म्हणाला 'पाच पाण्यात' की बोसन ब्रेक आवळतो. तिथं बोसनचा हात चुकला तर कप्तान काय करणार? म्हणून सांगतो, रेटिंगला कमी लेखू नका. फक्त तुम्ही कशाचे पैसे भरताय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

इंजिनाकडं चीफ इंजिनिअर सगळ्यात वर. आपली मंडळी त्याला 'बडा साब' म्हणतात. रोजचं काम सेकंड इंजिनिअर चालवतो, मुख्य इंजिन त्याच्याकडं. थर्ड म्हणजे 'तीन साब', त्याच्याकडं बहुतेक जनरेटर. फोर्थ म्हणजे 'चार साब', प्युरिफायर म्हणजे तेल साफ करायची यंत्रं आणि बरेचसे पंप त्याच्या गळ्यात. ईटीओ म्हणजे वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्याला 'बत्ती साब' म्हणायची पद्धत आहे. मग आम्ही रेटिंग: फिटर, मोटरमन म्हणजे ऑइलर, आणि सगळ्यात नवा वायपर.

एक रात्र सांगतो. हिंदी महासागरात होतो, रात्रीचे अडीच. बारा-चारचा वॉच, म्हणजे पाळी, तीन साबचा. मोटरमन राउंडला फिरताना त्याच्या गालावर खारं पाणी उडालं. टॉर्च मारली तर समुद्राच्या पाण्याच्या पाइपला, बेंडपाशी, सुईएवढं भोक. त्यानं तीन साबला सांगितलं, तीन साबनं सेकंडला उठवलं, सेकंडनं मला. पाइप आतून खाऊन कागदासारखा पातळ झाला होता, त्यावर वेल्डिंग धरलंच नसतं. मी रबराचा तुकडा कापून ठेवला, वर पत्र्याचा पट्टा, आणि दोन क्लॅम्प आवळले. वायपर बादली धरून उभा होता, सेकंड स्वतः टॉर्च धरून. सकाळी लाइन बंद करून पाइप उतरवला, बेंड कापून नवा चढवला, फ्लँज वेल्ड केला. बडा साब आले, हात फिरवून बघितलं आणि बाकीचे बेंडही तपासायला सांगितले. प्रत्येकाचं काम वेगळं आणि प्रत्येकाच्या वर कोण हे ठरलेलं, म्हणूनच तासाभरात पाणी थांबलं.

चीफ कुक स्वयंपाकघराचा प्रमुख, तो ऑफिसर नसतो. त्याच्या मदतीला मेसमन. मी दर खेपेला दोन किलो कांदा-लसूण मसाला नेतो आणि पहिल्याच दिवशी कुकच्या हातात देतो. आमच्या मागच्या जहाजावर आम्ही 22 जण होतो. बावीस माणसांचं मन सात-आठ महिने तोच सांभाळतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता पैशाचं. प्लेसमेंटचे म्हणून जे मागितलेत ते घ्यायला परवानगीच नाही. सागरी कामगारांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यात नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत असं स्पष्ट आहे. भरती करणाऱ्याकडं डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्यांच्या वेबसाइटवर लायसनवाल्यांची यादी आहे. एजंटाकडून नंबर मागा आणि घरी येऊन ताडून बघा. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर परत त्या पायऱ्या चढू नका.

मी हे मनापासून लिहितोय, कारण सुरुवातीला मीही एकाला ऐंशी हजार दिले होते. वडिलांनी म्हैस विकून दिलेले. सात महिने मी 'पुढच्या सोमवारी फ्लाइट' ऐकत बसलो. ना जहाज मिळालं, ना पैसे. नंतर लायसन असलेल्या कंपनीत गेलो तर त्यांनी वर्कशॉपमध्ये उभं केलं, लेथवर एक बुश काढायला लावला, पाइप वेल्ड करून घेतला आणि निवडलं. एक रुपया घेतला नाही.

इचलकरंजी_सेकंडमेट:

वरच्या दादांनी सगळं बरोबर लिहिलंय. ऑफिसरच्या वाटेचं मी सांगतो. 68 टक्के आहेत ना? डीएनएस म्हणजे डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, या एक वर्षाच्या निवासी कोर्सला पीसीएमला सरासरी 60 लागतात आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50. त्यासाठी आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी द्यायची. कोर्सनंतर 18 महिने जहाजावर कॅडेट म्हणून काढायचे, मग सेकंड मेटची लेखी-तोंडी परीक्षा. पास झालं तरी जहाजावर सुरुवात थर्ड मेट म्हणूनच होते, नावाचा हा घोळ माझ्या घरीही झाला होता. एजंट जो सहा महिन्यांचा म्हणतोय तो जीपी म्हणजे जनरल पर्पज रेटिंगचा, खलाशी व्हायचा कोर्स दिसतोय. त्याला दहावी पास चालतो, मुलाच्या बारावीच्या मार्कांचा तिथं काही उपयोग नाही.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या, रंगांसकट. डेकवर लाल-हिरवा दिवा ओळखता आलाच पाहिजे, रात्री समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते त्यावरूनच कळतं. माझ्याबरोबरचा एक हुशार मुलगा सीईटी पास झाला आणि मेडिकलला अडकला. तपासणी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडंच करा.

सारंगाचा_नातू:

माझे आजोबा कोळशाच्या बोटीवर सारंग होते, मूळचे रत्नागिरीकडचे. आम्ही दोन पिढ्या कोल्हापुरात. ताईंची वही वाचून त्यांची आठवण आली. त्यांच्या तोंडी बोसन वगैरे काही नव्हतं. खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल, चाक धरणारा सुकाणी, कोठार सांभाळणारा कसाब, स्वयंपाकी भंडारी, झाडलोट करणारा टोपास. खाली इंजिनाकडं आगवाले आणि कोळसेवाले. डिझेल आलं आणि ते दोघे गेले, तेलवाल्याचा मोटरमन झाला. नातेवाइकांत कुणी दर्यावर नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मालवण बंदर 1812 पर्यंत करवीरच्या छत्रपतींकडंच होतं.

मंगळवारपेठ_आई:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री वहीत दोन बाजू पाडून पुन्हा लिहिलं, आता लागतंय. आज मिस्टर जाऊन आले. आरपीएसएल नंबर विचारला तर तो माणूस म्हणाला, मुंबईच्या पार्टनरकडं आहे, आधी टोकन भरा. ते उठून आले. मुलगा थोडा हिरमुसलाय. त्याला इंजिनाकडंही जावंसं वाटतंय, पाइपचं वाचून. त्याला गणितापेक्षा हातानं काम करायला आवडतं. मग डेक की इंजिन?

उद्यमनगर_फिटर:

दादांनी टोकन भरलं नाही हे ऐकून बरं वाटलं. डेक की इंजिन हे घरी बसून ठरणार नाही. रविवारी सकाळी त्याला घेऊन उद्यमनगरात या, काकांचं वर्कशॉप अर्धा दिवस चालू असतं. एक जुना डिझेल पंप खोलायला ठेवतो. चार तास हात काळे करू दे, मग तोच सांगेल. इंजिनिअर व्हायचं असेल तर त्याच सीईटीतून मरीन इंजिनिअरिंगचं चार वर्षांचं बी.टेक. आहे. येताना जुने कपडे आणि बंद बूट घालून येऊ दे.