काँग्रेसमनच्या ऑफिसात जाणं हा वशिला का?

कास_पठार

परवा पॉटलकला वाद झाला आणि जेवण गार होईपर्यंत चालला. निकाल लागला नाही म्हणून इथे टाकतेय.

मागच्या वर्षी साताऱ्याहून फोन आला, बाबांची बायपास ठरली. मी इथे अमेरिकेत एच-वन व्हिसा सोडून ईएडीवर, म्हणजे कामाच्या परमिटवर काम करत होते, ग्रीन कार्डाचा अर्ज पेंडिंग. अशा वेळी ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात नसताना देश सोडला की अर्जावर पाणी सोडलं असं धरतात. परोलचा अर्ज घालून अकरा महिने झाले होते. इमिग्रेशन खात्याला फोन करावा तर आधी यंत्र बोलतं, मग माणूस यंत्रासारखा बोलतो. शेवटी शेजारच्या गुजराती काकूंनी सांगितलं, "अगं, काँग्रेसमनच्या ऑफिसात जा ना!" काँग्रेसमन म्हणजे आपल्या भागाचा इथला खासदार. मला वाटलं यांची कुणाशी ओळख असणार.

ऑफिस म्हणजे स्ट्रिप मॉलमधला एक गाळा. एका बाजूला दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणारा. आत झेंडा, पाण्याचा जार आणि पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी आधी पत्ता विचारला. मतदार आहात का, हे विचारलंच नाही. एक पानी फॉर्म भरून घेतला, कारण माझ्या लेखी संमतीशिवाय खातं माझ्या फाइलबद्दल त्यांच्याशी बोलू शकत नाही. बाबांच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं. बाई म्हणाल्या, "निर्णय काय घ्यायचा ते मी त्यांना सांगू शकत नाही. फाइल कुठे बसलीय तेवढं विचारते." नवव्या दिवशी मंजुरी आली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी साताऱ्यात.

तर नवऱ्याचा मित्र म्हणतो, "म्हणजे वशिला लावलास की!" माझं म्हणणं, अजिबात नाही. माझी तिथे ना ओळख ना देख. जो दरवाजा सगळ्यांना उघडा आहे त्यातून आत गेले. तुम्हाला काय वाटतं?

ढोबळी_मिरची

बाबा बरे असतील अशी आशा. बाकी, वशिलाच. सौम्य, सभ्य आणि फॉर्म भरून लावलेला वशिला. फाइलींचा ढीग एकच, अधिकारी तेवढेच. तुमची फाइल वर आली म्हणजे कुणाची तरी खाली गेली. त्या कुणाचे बाबाही आजारी असू शकतात.

तिसरा_घंटा

खुर्ची ओढून बसलोय. आणि ते "ओळख ना देख" भारी.

बॅकबेंचर

दोन उन्हाळे एका काँग्रेसमनच्या जिल्हा ऑफिसात बिनपगारी काम केलंय, म्हणून थोडं आतलं.

हाउसचे, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे ४३५ सदस्य, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७ लाख ६० हजार माणसं. कायम नोकर जास्तीत जास्त १८, त्यातले निम्मे वॉशिंग्टनात. आमच्या ऑफिसात केसवर्क, म्हणजे लोकांच्या अडलेल्या कामांचा पाठपुरावा करणारे होते तीन. टीव्हीवर दिसतं ते भाषण, पण या तिघांच्या टेबलावर येतं ते सोशल सिक्युरिटीचा थांबलेला चेक, अडकलेला टॅक्स रिफंड, सैनिकांचं पेन्शन, व्हिसा, पासपोर्ट. २०२३ च्या उन्हाळ्यात तर नुसते पासपोर्ट. साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे लागत होते आणि लोकांची तिकिटं पुढच्या मंगळवारची.

एक म्हातारबाबा आठवतात. कोरियाच्या युद्धातले. कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून बायको त्यांच्या वतीने ओरडायची. भत्त्याचा अर्ज फेटाळला होता, कारण नोकरीचे कागदच नाहीत. कागद का नाहीत? १९७३ साली सेंट लुईसला सैनिकांच्या नोंदी ठेवायच्या इमारतीला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. त्यात १९६० पूर्वी सुटलेल्या लष्करातल्या जवानांच्या बहुतेक. यांची त्यातलीच. आमच्या बाईंनी दुसऱ्या वाटांनी कागद गोळा केले: पगाराच्या नोंदी, इस्पितळात भरती केल्याची नोंद, पलटणीचा एक फोटो, ज्यात बाबा तिसऱ्या रांगेत डोळे मिटून उभे. सात महिने लागले. यात कुणाची फाइल खाली गेली, ढोबळीताई? त्यांची फाइलच नव्हती.

ढोबळी_मिरची

बाबांची केस मान्य. पण ती चूक दुरुस्त करणं झालं. धागाकर्तीची केस रांगेतली आहे. दोन्हींची मोट बांधू नका.

सिएटलचा_सह्याद्री

मला दुसरंच बोचतंय. या पत्रव्यवहाराच्या कौतुकात काँग्रेसमनचं मूळ काम आपण विसरतो. त्याचं काम कायदा करणं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. हा हिशोब १९९० च्या कायद्याचा. भारतातून आलेल्यांची रांग त्यामुळे मारुतीच्या शेपटासारखी वाढली. जुलै २०१९ मध्ये हाउसने ही मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास केलं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपलं वेगळं रूप पास केलं. दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदतच संपली आणि विधेयक मेलं. २०२२ च्या अखेरीला पुन्हा एक आलं, ते मतदानालाच आलं नाही.

ती मर्यादा गेली असती तर भारतीयांपैकी अनेकांना अकरा महिने परोलची वाट बघायची वेळच आली नसती. आग लावणारे तेच आणि बंब घेऊन धावणारेही तेच, वर आपण टाळ्या वाजवायच्या. प्रत्येक सुटलेल्या केसमागे एक आभाराचं पत्र येतं आणि दर दोन वर्षांनी निवडणूक असते, हा योगायोग समजू नका.

पोळपाट

सह्याद्री, कायद्याबद्दल १०० टक्के. पण एक दुरुस्ती: परोलची दिरंगाई त्या ७ टक्क्यांमुळे होत नाही. ती खात्याच्या टेबलावरची. आणि इमिग्रेशन खात्याचं पोट बहुतांश आपल्याच फीवर भरतं, त्यामुळे "काँग्रेसने पैसे दिले नाहीत" हेही अर्धंच खरं. विधेयक पास होईपर्यंत तिच्या बाबांनी बायपास थांबवायची होती का?

सिएटलचा_सह्याद्री

थांबवायची नव्हती. तिच्या जागी मीही गेलो असतो. जाऊन आलो की आपण गप्प बसतो, माझा राग त्याच्यावर आहे.

पंचगंगा

कोल्हापुरातून लिहितोय. तुमचा वाद वाचून गंमत वाटली. वशिला बघायचा तर इकडे या.

आमच्याकडे एका खासदारामागे सरासरी २५ लाख माणसं. त्याच्याकडे लोक जातात ते काहीतरी मागायला, कारण त्याच्या हातात काहीतरी असतं. केंद्रीय विद्यालयात खासदाराच्या शिफारशीवर वर्षाला १० प्रवेश व्हायचे, २०२२ मध्ये ते बंद केले. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्यातला बर्थ अजून पत्रावर मिळतो. वर खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी. म्हणून सकाळी आठला बंगल्यावर गर्दी, पीएच्या हातात लेटरहेडचं पॅड, आणि "साहेबांचा माणूस" असल्याशिवाय आतला चहा मिळत नाही.

तुमच्या त्या बाईंच्या हातात वाटण्यासारखं होतं काय? बर्थ नाही, सीट नाही. फक्त एक प्रश्न: "ही फाइल कुठे आहे?" माझ्या मते ज्याच्याकडे वाटायला काही नाही, त्याला वशिला लावता येत नाही.

बॅकबेंचर

छान मुद्दा. फक्त अगदीच रिकामे हात नाहीत हो. मतदारसंघातल्या ठरावीक कामांसाठी पैसे मागायची पद्धत २०११ मध्ये बंद केली होती, ती २०२१ मध्ये नावं जाहीर करायच्या अटीवर परत आली. शिवाय वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमीला जायचं तर सहसा काँग्रेसमनचं किंवा सिनेटरचं नामांकन लागतं. पण ही खाती वेगळी, केसवर्कच्या टेबलाशी त्यांचा संबंध नाही.

ढोबळी_मिरची

पंचगंगा, "नुसता प्रश्न" इतका निरुपद्रवी असता तर त्याला उत्तर नऊ दिवसांत आलं नसतं. अकरा महिने धागाकर्तीही तोच प्रश्न विचारत होती. प्रश्न कोण विचारतंय यावर उत्तर येत असेल, तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

आणि नुसत्या विचारण्याने काय होतं ते १९८७ मध्ये दिसलंय. चार्ल्स कीटिंग नावाच्या बिल्डरची लिंकन सेव्हिंग्ज ही ठेवी घेणारी संस्था तपासणीत सापडली. पाच सिनेटर नियामकांना भेटले: क्रॅन्स्टन, डीकॉन्सिनी, ग्लेन, मॅकेन, रीगल. कीटिंगकडून या पाचांच्या प्रचाराला आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांना मिळून १३ लाख डॉलरच्या आसपास गेले होते. बचाव काय? आम्ही फक्त विचारणा केली, मतदाराचं काम केलं. १९८९ मध्ये संस्था बुडाली, हजारो म्हाताऱ्यांची पुंजी बाँडमध्ये गेली. १९९१ मध्ये चौकशी संपली तेव्हा अधिकृत ठपका एकट्या क्रॅन्स्टनवर. बाकीच्यांना कमीजास्त कानपिचक्या. तुमच्या स्ट्रिप मॉलमधल्या गाळ्याचा आणि त्या बैठकीचा दरवाजा एकच आहे, हे विसरू नका.

कास_पठार

दरवाजा एकच? बरं, मग ऐका.

साताऱ्याहून परतताना कंदी पेढ्यांचा एक बॉक्स त्या बाईंसाठी आणला. त्यांनी वास घेतला, हसल्या आणि परत केला. केलेल्या कामाबद्दल भेट घेता येत नाही म्हणाल्या. आभाराचं कार्ड तेवढं ठेवून घेतलं. पेढे मी बाहेर गाडीत बसून खाल्ले, दोन जास्तच.

देणगीचं म्हणाल तर माझ्याकडे ग्रीन कार्ड नाही, म्हणजे निवडणुकीला एक डॉलर देणंसुद्धा माझ्यासाठी बेकायदा. मतही नाही. माझ्याकडून त्या माणसाला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही काम झालं. कारण जनगणनेत मी मोजली जाते. मतदारसंघ माणसांवर पडतात, मतदारांवर नाही.

पोळपाट

पेढे परत!! हा खरा अन्याय.

डेट्रॉइटकर

पत्त्यावरून आठवलं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून निवडून आले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटावर "आपला माणूस, आता चिंता नको" असे मेसेज सुरू झाले. टेक्सासातली मंडळी त्यांच्याकडे काम घेऊन जायच्या बेतात. अहो, टेक्सासातल्या माणसाला ते नम्रपणे टेक्सासच्याच काँग्रेसमनकडे पाठवणार. ऑफिसचा खर्च आपल्या मतदारसंघासाठी असतो. मराठी येतं म्हणून चालत नाही, झिप कोड लागतो. वशिल्यात झिप कोड कधीपासून बघायला लागले?

अर्धा_कप

दोन्ही बाजू वाचल्या. मला एक प्रश्न आहे, आणि तो कुणाला दुखवायला नाही. धागाकर्तीला हे कुणी सांगितलं? शेजारच्या काकूंनी. काकूंना इंग्रजी येत असणार, वेबसाइट बघता येत असणार. आमच्या गावातल्या इंडियन रेस्टॉरंटच्या मोरीत भांडी घासणारा पोरगा, त्याचाही अर्ज अडकलाय. त्याला काँग्रेसमन म्हणजे काय तेच माहीत नाही. दरवाजा उघडा आहे हे ज्याला माहीत, त्याच्यासाठी तो उघडा.

ढोबळी_मिरची

अर्धा_कप, मी तीन प्रतिसाद खर्च करून जे म्हणायचा प्रयत्न करत होते ते तुम्ही एका परिच्छेदात लिहिलंत.

बॅकबेंचर

हे खरं आहे. आम्ही लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडायचो. यायचे ते परत तेच लोक, ज्यांना फॉर्म भरता येतात.

कास_पठार

यावर माझ्याकडे उत्तर नाही, घडलेलं सांगते.

मुलीच्या डेकेअरमध्ये एक नेपाळी ताई स्वयंपाक करतात. त्यांच्या बहिणीचं कामाचं परमिट अडकलंय. गेल्या महिन्यात मी त्यांना त्या ऑफिसचा पत्ता कागदावर लिहून दिला, वेळ लिहिली, मी येते बरोबर म्हटलं. त्यांनी विचारलं, "कति पैसा लाग्छ?" काही लागत नाही म्हटलं, तर चेहऱ्यावर विश्वास दिसेना. मग हळूच म्हणाल्या, सरकारी ऑफिसात आपण होऊन नाव-पत्ता कशाला लिहून द्यायचा, आहे ते बरं आहे. सध्याचे दिवस बघता मी तरी कुठल्या तोंडाने आग्रह करणार?

कागद त्यांनी फेकला नाही. डब्यांच्या कपाटाला आतल्या बाजूने चिकटवून ठेवलाय. काल डबा घेताना दिसला.