द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर जावा 8 वर आहे, कुठला मोफत जावा घ्यावा?

अंबड_लिंकरोड

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं छोटं ऑफिस आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष पॅकहाऊसना आम्ही आवक आणि पॅकिंगचं सॉफ्टवेअर देतो. गाडी काट्यावर चढली की वजन थेट स्क्रीनवर येतं, मग शेतकऱ्याचं नाव, प्लॉट नंबर, क्रेट, आणि शेवटी मराठीत छापलेली पावती. सगळं स्विंगमध्ये (स्क्रीन बनवायची जावाची जुनी लायब्ररी), जावा 8 वर. दिवसाच्या आवकेचा आलेख दाखवणारी एक स्क्रीन तेवढी जावाएफएक्समध्ये (स्विंगनंतर आलेली लायब्ररी) आहे.

परवा एका गिऱ्हाइकाच्या सीएंनी विचारलं, "हा ओरॅकलचा जावा दिसतोय, याचं लायसन कुठंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. जानेवारी 2019 चं 8यू202 हे जुन्या परवान्याखालचं शेवटचं अपडेट. एप्रिल 2019 च्या 8यू211 पासून धंद्यासाठी वापरायचं तर पैसे मोजावे लागतात, आणि त्या कॉम्प्युटरवर आपोआप अपडेट होत होत जावा त्याच्या बराच पुढे गेलाय. जानेवारी 2023 पासून नवीन सबस्क्रिप्शनचा हिशेब कॉम्प्युटरवर नाही, माणसांवर होतो: पूर्णवेळ, अर्धवेळ, तात्पुरते, शिवाय कामाला हातभार लावणाऱ्या कंत्राटदारांची माणसंसुद्धा. पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटर दोन-तीन, पण फेब्रुवारी-मार्चात घड साफ करायला आणि पनेट (प्लास्टिकच्या लहान डब्या) भरायला शेकडो बायका असतात! हा खर्च मी त्यांच्या गळ्यात घालणार नाही.

मोफत जावांची नावं ऐकलीत: टेमुरिन, कोरेटो, झुलू, लिबेरिका, मायक्रोसॉफ्टचा... यातलं नेमकं काय निवडायचं? ऑक्टोबर छाटणीपर्यंत गिऱ्हाइकांची घाई नसते, तेवढ्यात उरकायचंय.

पंचवटी_बॅकएंड

ताई, नावं पाच असली तरी मूळ एकच आहे, ओपनजेडीके, म्हणजे जावाचा खुला कोड. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने 2006 मध्ये तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला करायचं जाहीर केलं, 2007 मध्ये बहुतेक कोड बाहेर आला, आणि 2010 मध्ये सन ओरॅकलकडे गेली तरी तो कोड खुलाच राहिला. टेमुरिन बांधतं एक्लिप्स ॲडॉप्टियम, कोरेटो ॲमेझॉन, झुलू अझुल, लिबेरिका बेलसॉफ्ट. जावाच्या अधिकृत चाचणीसंचातून हे सगळे पास झालेले आहेत. तुमचं वजाबाकीचं, बिलाचं लॉजिक कुठेही सारखंच चालेल. त्यामुळे ब्रँडची तुलना करत बसू नका, तुमचं सॉफ्टवेअर जावाच्या बाहेर कुठे कुठे हात घालतं ते बघा.

पहिली अडचण ती आलेखाची स्क्रीन. ओरॅकलच्या 8 मध्ये जावाएफएक्स आतच होतं, टेमुरिनमध्ये नाही. टेमुरिन टाकलंत तर बाकी सगळं चालेल आणि ती स्क्रीन उघडताच क्लास सापडत नाही म्हणून एरर येईल. लिबेरिकाचा 'फुल' बिल्ड (जावाएफएक्ससकट तयार आवृत्ती) किंवा झुलूचा एफएक्स बिल्ड घेतलात तर हा प्रश्नच येत नाही. तुमच्या जागी मी लिबेरिका फुल घेईन.

पावतीकडे मात्र नीट लक्ष द्या, तिथेच माणसं अडकतात. सिन्नरच्या एका कारखान्याचं डिस्पॅचचं काम आमच्याकडे आहे. ओपनजेडीकेवर गेल्यावर चलनातल्या 'निव्वळ वजन' रकान्यातला शेवटचा आकडा खालच्या ओळीत उतरायला लागला. कोडमध्ये काहीच बदललं नव्हतं. ओरॅकलचा 8 अक्षरं रेखाटायला टी2के नावाचं स्वतःचं इंजिन वापरायचा, ओपनजेडीके फ्रीटाइप वापरतं. अक्षराच्या रुंदीत केसभर फरक पडतो, आणि रकाना काठोकाठ भरलेला असेल तर तेवढा पुरतो. आम्ही रकाना थोडा रुंद केला आणि विंडोजच्या फॉन्टवर विसंबायचं सोडून नोटो सॅन्स देवनागरी सॉफ्टवेअरसोबतच दिला. त्याचा परवाना खुला आहे, सोबत द्यायला अडचण नाही.

पुढे जावा 9 किंवा त्यावर गेलात तर जोडाक्षरं जुळवायचं कामही हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडे जातं. 'द्राक्षे', 'त्र्यंबक', 'निर्यात' हे तीन शब्द प्रत्येक प्रिंटरवर छापून डोळ्यांनी बघा. रफार आणि क्ष स्क्रीनवर नीट दिसले म्हणजे कागदावरही नीट येतील असं धरून चालू नका.

नाशिकरोड_आरएस232

काट्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंडिकेटरचं (काट्याच्या डिस्प्लेचं) वजन आरएक्सटीएक्स या सिरियल पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीने वाचत असाल तर तिची डीएलएल (विंडोजसाठीची फाइल) 32 बिट आहे की 64, ते आधी तपासा. जुन्या काटेवाल्या मशीनवर बहुतेक 32 बिट जावा असतो. त्यावर 64 बिट जावा टाकला की डीएलएल लोडच होत नाही, आणि गाडी काट्यावर उभी राहते. जेसिरियलकॉम या तशाच दुसऱ्या लायब्ररीवर या, 32 आणि 64 बिट दोन्ही प्रकारच्या फाइल तिच्या जारमध्येच (जावाच्या पॅकेज फाइलमध्ये) असतात. बॉड रेट, पॅरिटी तेच राहतं, वाचायचा कोड थोडा बदलावा लागतो.

गंगापूर_रोडवर

8 वरच का थांबायचं? जावा 17 वर जा, नाहीतर सरळ 21 वर. स्प्रिंग बूट 3 या जावाच्या फ्रेमवर्कला किमान 17 लागतो, नव्या लायब्ररी हळूहळू तिकडेच चालल्यात.

पंचवटी_बॅकएंड

जायचंच, पण एका दमात नको. 11 मध्ये जाक्सबी (एक्सएमएल वाचायची लायब्ररी) जावातून काढून टाकलं. एक्सएमएल वाचणारा कोड असेल तर ती लायब्ररी वेगळी जोडावी लागेल. आधी 8 वरच ओरॅकल काढून लिबेरिका बसवा, पावती आणि काटा तपासा. हे स्थिर झालं की मग 17 किंवा 21. दोन्ही बदल एकत्र केलेत तर पावती कशामुळे बिघडली ते कळणार नाही.

आणि जावा गिऱ्हाइकाच्या मशीनवर वेगळा बसवू नका. तुमच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरातच रनटाइम ठेवा आणि शॉर्टकटमध्ये तोच पूर्ण पाथ द्या. ओरॅकलचा इन्स्टॉलर विंडोजच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आपला फोल्डर सगळ्यात पुढे घालतो, त्यामुळे नुसतं जावा म्हटलं की जुनाच सुरू होतो. आपण समजतो बदललं, आणि पॅकहाऊसमध्ये चालू मात्र तेच. 17 वर गेल्यावर जेपॅकेज या जावाच्याच साधनाने रनटाइमसकट एकच एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) बनवता येईल.

फोल्डरात ठेवलात म्हणजे अपडेटची जबाबदारी तुमची. सुरक्षेची अपडेट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये येतात. तुमची ऑक्टोबरची सोय झाली, जानेवारीचं अपडेट मात्र हंगामाच्या तोंडावर येतं, ते एका मशीनवर चालवून मगच बाकीच्यांना द्या.

अंबड_लिंकरोड

खूप आभार दादा, काट्याचं सांगणाऱ्यांचेही. आमच्याकडे आरएक्सटीएक्सच आहे, 32 बिट. सीएंना लेखी काय देऊ? आणि जीपीएल म्हटल्यावर आमचा कोडही उघडा करावा लागेल का?

पंचवटी_बॅकएंड

नाही. ओपनजेडीकेच्या जीपीएलला क्लासपाथ अपवाद जोडलेला आहे, त्यावर चालणारा तुमचा कोड तुमचाच राहतो. सीएंना प्रत्येक मशीनवर व्हर्जन विचारणाऱ्या कमांडचा स्क्रीनशॉट द्या. ओरॅकलचा असेल तर 'जावा(टीएम) एसई रनटाइम' असं येतं, बाकीच्यांवर 'ओपनजेडीके रनटाइम'. त्याआधी कंट्रोल पॅनलमधून ओरॅकलचा जावा काढून टाका, नुसता पडून असला तरी पुन्हा तोच प्रश्न निघेल. आणि रनटाइमच्या फोल्डरात परवान्याच्या फाइल असतात, सेटअप हलका करायच्या नादात त्या उडवू नका. दुसऱ्याला देताना त्या सोबत असाव्याच लागतात.