यात्रेचं उरलेलं मटण फ्रीजरला कसं ठेवायचं?

प्रश्न (खानापूर): चार किलो कच्चं मटण उरलंय. फ्रीजरला ठेवलं की कडेनं पांढुरकं, चिवट होतं. त्यात लाईटचा भरवसा नाही.

– पिशवीत हवा राहिली की मांस सुकतं, तेच पांढरे डाग. पाणी पुसून अर्ध्या-अर्ध्या किलोचे, दोन बोटं जाडीचे चपटे पुडे करा, हवा दाबून काढा. एकावर एक रचू नका. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे कण धागे फाडतात, मग शिजवताना सगळा रस पातेल्यात!

– मीठ आत्ता नकोच, चरबी खवट होते. उणे 18 अंश हवं. कलेजी आजच परता.

– लाईट गेली तर दार उघडू नका. नंतर बर्फाचे कण दिसले तरच परत गोठवा. वितळवायचं खालच्या कप्प्यात, रात्रभर.