मदत हवी आहे: वारा पडलेला असताना आगीची वावटळ कशी उठते?

मंडळी, हवामानातलं किंवा भौतिकशास्त्रातलं कळणाऱ्या कुणीतरी उत्तर द्या. ‘पाचट जाळूच नये’ हा प्रतिसाद कृपया नको, तो घरी बायकोकडून आणि बांधावर चुलतभावाकडून ऐकून झालाय.

झालं असं. ऊस तुटून गेला, खोडवा राखायचा होता. एकरभर पाचट दुपारी दोनला चारी कडांनी पेटवलं. वारा इतका पडलेला की विडीचा धूर सरळ वर जात होता, म्हणूनच ती वेळ धरली. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी गेली. मग चारी बाजूंचा जाळ मधे सरकला आणि पूर्वेला, आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यावर राख गोल फिरायला लागली. बघता बघता तिनं शेजारचा जाळ आत ओढून घेतला. जाडी कवेत मावेल एवढी, उंची मात्र बांधावरच्या नारळाच्या वर. रिकामं मळणीयंत्र फिरावं तसा आवाज. सगळं मिनिटभरात संपलं, पण तेवढ्यात पेटतं पाचट नांगरलेला पट्टा आणि बांध ओलांडून चुलतभावाच्या रानात पडलं. त्याच्या ठिबकच्या नळ्यांची दोन बंडलं वितळली.

वारा नव्हता, मग हे फिरवलं कुणी? आणि जाळ सोडून जळलेल्या जागी का उठलं?

प्रतिसाद

आमच्या आजीच्या मते वावटळीत भूत असतं. माझी भर एवढीच.

प्रतिसाद

भूत नाही, पण आजीला दिसायचं ते खरंच होतं. आग स्वतः फिरकी तयार करत नाही म्हटलं तरी चालेल. हवेत थोडीफार फिरकी आधीच असते, तुम्हाला जाणवणार नाही एवढी मंद. आग ती गोळा करते. तापलेली हवा वर गेली की तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा आत येते. येताना ती जराशी तिरकी आली तरी पुरे. फुगडीत दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या की वेग वाढतो, तसं मधे येता येता फिरणं वाढत जातं. वरचा उपसा तो खांब ताणतो, ताणल्यावर तो बारीक होतो आणि आणखी जोरात फिरतो.

तुम्ही चारी कडांनी पेटवलंत, म्हणजे हवा आत ओढायची सोय स्वतःच करून दिलीत. शेजारी काय उभं होतं, ते सांगा.

धागाकर्ता

पश्चिमेला उभा ऊस, दहा-बारा फूट. बाकी तिन्हीकडं मोकळं रान.

प्रतिसाद

मग झालंच! ऊस आडवा आला, त्या बाजूनं हवा अडली आणि ऊस संपतो त्या कोपऱ्यावरून वळून आत आली. उरलेल्या बाजूंनी सरळ. असा असमान ओढा म्हणजेच फिरकी. काळ्या पट्ट्याचंही नवल नाही: तिथली जमीन तापलेली, आणि जाळाच्या कडेलाच हवेच्या वेगात सर्वात जास्त फरक असतो. मोठ्या वणव्यांतही भोवरे बऱ्याचदा ज्वाळांच्या मधोमध न उठता बाजूला उठतात.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर कॅलिफोर्नियातलं रेडिंग. जुलै 2018 मधला ‘कार फायर’ नावाचा वणवा. सुरुवात कशानं, तर ट्रेलरचा टायर बसला आणि रिम डांबरावर घासून ठिणग्या उडाल्या. 26 जुलैच्या संध्याकाळी समुद्राकडची गार हवा डोंगर ओलांडून तापलेल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात उतरत होती. शेजारशेजारच्या हवेचा वेग आणि दिशा वेगळी, म्हणजे तुमचा उसाचा कोपरा, पण डोंगराएवढा. त्यात आगीवरचा ढग झपाट्यानं 12 किलोमीटरच्या आसपास चढला आणि खालची फिरकी ताणली गेली. नुकसानीवरून वाऱ्याचा वेग ताशी 230 किलोमीटर धरला गेला. विजेचे अति-उच्च दाबाचे मनोरे आडवे झाले, झाडांच्या साली सोलल्या गेल्या. आग विझवणाऱ्यांपैकी एकाचा त्यात जीव गेला.

जीवितहानीत मात्र टोकियोला तोड नाही. 1 सप्टेंबर 1923, दुपारी 11:58 ला भूकंप. जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या. होंजोमधल्या लष्करी कपड्यांच्या जुन्या डेपोची मोकळी जागा सुरक्षित वाटली म्हणून लोक गाद्या-गाठोडी घेऊन तिथं जमले. आगीचा भोवरा त्या जागेवरून गेला; एकट्या त्या मैदानात सुमारे 38,000 माणसं गेली. मोकळी जागा, पण सामान मात्र पेटणारं.

धागाकर्ता

वाचून अंगावर काटा आला. म्हणजे वारा पडल्याची वेळ धरली तीच चुकली?

प्रतिसाद

वाहत्या वाऱ्यात आग पळते, तो धोका वेगळा. पण दुपारी जमीन तापलेली, वारा पडलेला, तेव्हा साधी धुळीची वावटळही सहज उठते. तुम्ही तिला जाळ दिलात. शिवाय नांगरलेला पट्टा सरपटणारी आग अडवतो, वरून टाकलेलं पेटतं पाचट नाही. एकदम एकरभर न पेटवता छोटे तुकडे केले असते, तर ओढा एवढा झाला नसता.

(धाग्याच्या अटीमुळे पुढचं वाक्य गिळतोय.)

धागाकर्ता

गिळू नका, समजलं. कुट्टीचं यंत्र भाड्यानं सांगितलंय. चुलतभावाला उसाच्या कोपऱ्याचं सगळं समजावलं. तो म्हणाला, भोवरा कुणाचाही असो, नळ्या सोळा एमएमच्या आण.