मदत हवी आहे: कुत्री विण्याच्या बेतात असताना दुसऱ्या कुत्र्याला शिकारीवर न्यावे का?

आम्ही अमेरिकेत आर्कान्सा राज्यात राहतो. येथे परवाना घेऊन बदकांची शिकार करता येते आणि हंगाम जानेवारीअखेरपर्यंत चालतो. आमच्या चार वर्षांच्या लॅब्राडॉर कुत्रीचा गाभणपणाचा आज 59वा दिवस असून हे तिचे पहिलेच वेत आहे. कालपासून ती विण्यासाठी ठेवलेल्या खोक्यातली वर्तमानपत्रे पंजाने फाडून कोपऱ्यात गोळा करते आहे. तिच्या अंगाचे तापमान मी दिवसातून दोन वेळा घेतो. ते 99 अंश फॅरनहाइटखाली उतरले की साधारण एका दिवसात वेणा सुरू होतात, म्हणून तेव्हापासून मी घरीच थांबेन.

अडचण नर कुत्र्याची आहे. पाणी भरलेल्या भातशेतांत तो इतरांच्या कुत्र्यांबरोबर पक्षी आणतो, आणि विण्याआधीचे व नंतरचे तीन आठवडे कुत्र्यांच्या हर्पीस विषाणूचा पिल्लांना जिवावरचा धोका असतो. दोघांच्या खोल्या व भांडी वेगळी केली आहेत, बूट बाहेरच ठेवतो. तरी रविवारी चिखलाने माखलेल्या अंगाने तो आत घुसला आणि त्याने तिचे तोंड चाटले. त्याला दुसरीकडे ठेवण्याची सोय नाही.

अशी स्थिती ज्यांनी हाताळली आहे त्यांनी कृपया सांगावे: आंघोळ आणि वेगळी खोली एवढे पुरेसे आहे, की पिल्ले तीन आठवड्यांची होईपर्यंत त्याची शिकार पूर्ण बंद ठेवावी?